देखाव्यातलं एक वाक्य

मी रिक्षातून उतरले तेव्हा आई नुकतीच जळून संपली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

कासार गल्लीच्या तोंडाशी इतकी गर्दी होती की रिक्षावाल्याने आत यायला नकार दिला. "फुडं चारूताईंचा देखावा हाय," तो म्हणाला. "चालतच जावा. आन् बघूनच जावा, औंदा पयला नंबर ह्योच मारतोय." मी बॅग छातीशी धरून गर्दीत शिरले. मंडपातून अजून पांढरा धूर बाहेर येत होता. उदबत्ती आणि तापलेलं प्लॅस्टिक यांचा मिळून एक वास होता. धूर विरत गेला तसा गणपती दिसायला लागला, त्याच्या उजव्या हाताशी लुकलुकणारी एक मोठी चांदणी, आणि चांदणीच्या पोटात माझ्या आईचा फोटो.

माझी आई, डॉ. चारुशीला वेळापुरे, त्या वर्षी फेब्रुवारीत गेली. 'अगस्ती' यानातून अंतराळात गेलेल्या तिघांमधली ती डॉक्टर. वर सगळं नीट झालं होतं. परत येताना तिघंही गेले. देशाने शोक केला, आणि कराडने जरा जास्तच केला, कारण कराड तिचं माहेर. एका शाळेला तिचं नाव दिलं गेलं, एका चौकाला दिलं गेलं, एका साडीच्या दुकानाने निळ्या रंगाच्या साड्या 'अगस्ती' म्हणून विकल्या. टीव्हीवर एका ज्योतिष्याने तिच्या पत्रिकेतला राहू दाखवला. मला रोज कुणीतरी सांगायचं, आई वरून बघत असेल हो. मी मान हलवायची.

आता गणपती आले होते, आणि ज्या गल्लीत ती वाढली त्या गल्लीच्या मंडळाने तिचा हलता देखावा केला होता.

मला निघून जाता आलं असतं. पण पुढचा खेळ सुरू झाला, आणि मागून लोक दाबत होते.

पडदा सरकला. तीन बाहुल्या यानात बसलेल्या. दोघांच्या माना स्थिर, मधल्या बाहुलीची मान मात्र मोटारीवर डावी-उजवीकडे वळत होती. काचेच्या टोपाखाली तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आई साधी टिकलीसुद्धा विसरायची. भोंग्यातून भरदार आवाज आला. कासार गल्लीची लेक, बुद्धीचं तेज, आकाशाला गवसणी. बाहुली हात हलवायची. पृथ्वीचा निळा गोल फिरायचा. मग आवाज खाली आला, थांबला, आणि म्हणाला:

"पण... नियतीच्या मनात काही वेगळंच होतं!"

आणि धडाम. लाल दिवे, धूर, किंचाळीसारखं संगीत. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला. तिच्या खांद्यावरचं पोर म्हणालं, "आई, परत."

"अगं रुजू!" कुणीतरी माझा दंड धरला. जयसिंगमामा. मंडळाचे अध्यक्ष, आईचे शेजारी, तिच्याकडून दर वर्षी राखी बांधून घेणारे. सख्खा मामा मला नव्हता; हेच मामा. "कवा आलीस? सांगायचं न्हाईस व्हय, गाडी पाठवली असती. बघितलंस? कसं झालंय?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्या हातात माईक आला होता. "भक्तहो, आपल्यात आत्ता, या क्षणाला, चारूताईंच्या कन्या उपस्थित हायेत..."

लोक वळले. कुणी पाया पडलं. दोघा-तिघांनी फोटो काढले. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "रड गं बाई, रडून मोकळी हो. डोळे कोरडे बरे न्हवंत." मी म्हटलं, "हो आजी."

आबा, म्हणजे आईचे वडील, मंडपासमोरच राहायचे. खाली बांगड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. मी वर गेले तेव्हा ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते आणि खिडकी सताड उघडी होती.

"आबा, निदान खिडकी तरी लावा."

"लावली तरी ऐकू येतंच. मग वारा कशाला अडवायचा?" ते म्हणाले. "चहा घेतलास?"

खाली पुन्हा आकाशाला गवसणी सुरू झाली होती. 'नियतीच्या मनात' आलं, धडाम झालं, खिडकीची काच थरथरली. आबांनी पापणीही हलवली नाही.

"हे रोज?"

"सात वाजल्यापासून. आरती झाली की."

"मी मामांना बंद करायला सांगते."

"नको. दोन महिने खपून केलंय पोरांनी. जयसिंगानं त्या बाहुलीचं नाक तीनदा बदलून आणलं. मला विचारून गेला, आबा, चारूचं नाक असंच होतं ना?"

मला जे सांगायचं होतं ते नाकाबद्दल नव्हतं. गेल्या महिन्यात चौकशीचा अहवाल आला होता. त्यात जे होतं ते पेपरात आतल्या पानावर एका रकान्यात येऊन गेलं आणि कुणी वाचलं नाही. कुठेही स्फोट झाला नव्हता. आगही लागली नव्हती. यानाच्या दाराच्या कडेने एक रबरी कडी बसवलेली असते, हवा आत कोंडून ठेवायला. ती थंडीत कडक होऊन तडकली आणि हवा निघून गेली. यान ठरल्या जागी समुद्रात उतरलं. तिघंही आपापल्या जागी पट्टे बांधून बसलेले होते. कडी कच्ची आहे, तारीख पुढे ढकला, असं दोन अभियंत्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं. त्यांतल्या एक बाई आईच्या अंत्यविधीला आल्या होत्या. दाराशी उभ्या राहिल्या, माझा हात धरला, आणि एक शब्द न बोलता गेल्या. त्या कोण ते मला अहवाल वाचल्यावर कळलं.

"आबा, हे नियतीने केलेलं नाही."

"मला माहितीये. तू फोनवर सांगितलंस ना."

"मग रोज तुमच्या खिडकीखाली ते नियती नियती करतात, ते चालतं तुम्हाला?"

आबांनी धोतराची निरी सारखी केली. "नियतीवर माणसाला रुसता येतं, रुजू. माणसावर राग धरायचा तर अंगात ताकद लागते. ती माझ्यात राहिली नाही. म्हणू दे त्यांना."

मी त्यांच्यासाठी भात टाकला. आत कुकरची शिट्टी आणि बाहेर धडाम, एकदमच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडपात गेले. दिवसा देखावा केविलवाणा दिसतो. बाहुलीच्या पाठीतून वायरी लोंबत होत्या. जयसिंगमामा आणि गुरव सर चहा पीत बसले होते. गुरव सर आईचे मराठीचे मास्तर, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे मास्तर, आणि मंडळाचे देखावे तेच लिहायचे. भोंग्यातला आवाजही त्यांचाच.

"मामा, स्फोट काढता येईल?" मी विचारलं.

मामांच्या हातातला कप बशीत वाजला. "स्फोट? अगं, मग राहिलं काय? माणसं उंब्रजवरनं येत्यात स्फोट बघायला."

"स्फोट झालाच नव्हता."

"ठाऊक हाय. पर नुसती तिघं बसल्याली दाखवली तर पब्लिकला कळायचं कसं, गेली म्हणून?"

अहवाल वाचूनही मला कित्येक रात्री तेच कळलं नव्हतं.

"बरं, स्फोट ठेवा," मी म्हटलं. "मला एकच वाक्य बदलून द्या. नियतीचं."

गुरव सरांनी चष्मा पुसला. "ते वाक्य काढलंस तर तिथे घालायचं काय?"

"जे झालं ते."

"मग 'काळाच्या मनात' चालेल?"

"नाही, सर."

"'विधिलिखित'? 'दैवगती'?"

"सर, ही सगळी नियतीचीच भावंडं आहेत."

सर हसले. त्यांना राग आला नाही, हीच माझी पंचाईत होती. त्या सबंध गावात मला रागावता येईल असं एकही माणूस सापडत नव्हतं. सगळे प्रेमाने अडवत होते.

मी पुण्याला एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करायची. वाक्यं दुरुस्त करणं हाच माझा धंदा. अहवालातल्या त्या परिच्छेदाचं मी मराठी करून आणलं होतं. मामांना आधी तोंडी सांगितलं, रबरी कडी म्हणजे काय, थंडीत तिचं काय होतं, दोघा अभियंत्यांनी आधी काय सांगितलं होतं.

"म्हंजे कुकरच्या रिंगेगत," मामा म्हणाले.

"तसंच."

"रिंग कडक झाली की वाफ धरत न्हाई. आमच्या हिनं महिनाभर कानीकपाळी वरडून सांगितलं, रिंग आणा, रिंग आणा. मी म्हटलं चालतंय की. मग एक दिवस..." ते थांबले. त्यांनी वर बघितलं, बाहुलीकडे. "दोघांनी सांगितल्यालं व्हतं म्हणतीस?"

"दोनदा."

"मामा," मी पुढे म्हटलं, "उद्या मंडपाला आग लागली, आणि वायरमन आधी सांगून गेला असेल की ही वायर बदला, तर तुम्ही नियती म्हणाल?"

"जो न्हाई म्हणला त्याची गचांडी धरीन."

"मग?"

"पर ती मोठी माणसं, रुजू." त्यांचा आवाज खाली आला. "आन् परवा परीक्षक येणार. देखाव्याला संदेश लागतोय. नियतीत संदेश हाय. रिंगेत काय संदेश?"

गुरव सर एव्हाना माझा कागद वाचत होते. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, सवयीने, आणि परत ठेवलं.

"हे तुझं मराठी वाईट आहे," ते म्हणाले.

"मूळही असंच आहे, सर. मी एक शब्द बदलला नाही."

"'सदर बाब विचारात घेण्यात आली. तारीख कायम ठेवण्यात आली.'" त्यांनी ते वर्गात वाचावं तसं वाचलं. "कर्मणी. सगळं कर्मणी. विचारात घेण्यात आली... कुणाकडून? ठेवण्यात आली... कुणी ठेवली? कर्ता कुठे आहे?"

"कर्ता नाही."

"पुढे कुठे येत असेल. परिशिष्टात?"

"मी सगळी परिशिष्टं वाचली. सांगणाऱ्या दोघांची नावं आहेत. न ऐकणाऱ्याचं नाही."

गुरव सरांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "लोक नियती का म्हणतात ते तुला मूर्खपणाचं वाटतं. पण बघ. नियतीला निदान मन तरी आहे. 'नियतीच्या मनात काही वेगळंच होतं.' तुझ्या या कागदात कुणालाच मन नाही."

आज इतक्या वर्षांनीही मी तो अहवाल कधीतरी उघडते. कर्ता अजून सापडलेला नाही.

अखेर सरांनी हार मानली, का त्यांना पटलं, ते मला ठरवता आलं नाही. वाक्य मात्र त्यांनीच बांधलं. माझं सरळ होतं. त्यांना चढ हवा होता. "लोकांच्या कानात शिरायला आधी वस्तू यावी लागते, मग माणूस, मग क्रिया," ते म्हणाले, आणि उभे राहून, एक हात वर करून म्हणून दाखवलं: "पण... यानाच्या दाराची ती रबरी कडी! दोन अभियंत्यांनी आधीच सांगितलं होतं, ती कच्ची आहे. तरी तारीख बदलली नाही!"

"चांगलं आहे," मी म्हटलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा मला काही चांगलं वाटलं होतं.

दुपारी मामांच्या ओळखीच्या स्टुडिओत जाऊन सरांनी ते वाक्य बोलून दिलं. स्टुडिओवाला घाईत होता. त्याला गौरी आणायला गावी जायचं होतं. त्याने जुनं वाक्य काढून नवं तिथे बसवलं आणि शटर ओढून मोटरसायकलला किक मारली.

संध्याकाळी मी आबांजवळ खिडकीत बसले. आबांना मी सांगितलं होतं, आज वाक्य वेगळं आहे. ते म्हणाले, "बघू." आरती झाली. पडदा सरकल्याचा आवाज आला. लेक, तेज, गवसणी. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"पण... यानाच्या दाराची ती रबरी कडी! दोन अभियंत्यांनी आधीच..."

धडाम.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. देखाव्याचं सगळं यंत्र एका फिरत्या चकतीवर बांधलेलं होतं. आवाज सुरू झाला की चकती फिरायची आणि तिच्यावरचे खिळे ठरल्या वेळी एकेक बटण दाबत जायचे: मान, हात, पृथ्वी, दिवे, स्फोट. स्फोटाचा खिळा नियतीच्या वाक्याच्या मापाने ठोकलेला होता. आमचं वाक्य त्या मापात बसत नव्हतं. राहिलेलं वाक्य स्फोटाच्या आत कुठेतरी बोललं जात होतं, पण ते बाहुलीलाही ऐकू गेलं नसेल.

"दोन अभियंत्यांनी काय?" आबांनी विचारलं.

मी जिन्याकडे धावले.

मी मंडपापर्यंत पोचेपर्यंत गर्दी पांगायला लागली होती. मला माझं वाक्य दहा तोंडांतून ऐकू आलं.

"दोन इंजिनेरांनी केलं म्हणं."

"रबर ढिलं करून ठिवलं."

"आधीच! आधीच करून ठिवलं म्हणला की त्यो. म्हंजे ठरवून."

"पैसं खाल्लं आसतील."

"कुठली व्हती ती दोघं? आपल्यातली नसणार."

"अहो, नाही," मी एका माणसाला म्हटलं. "त्यांनी सांगितलं होतं. आधीच सांगितलं होतं, असं आहे ते."

"व्हय ना," तो म्हणाला. "सांगून सवरून केलं. काय धाडस म्हणायचं!"

गर्दीत एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ फोनवर खेळ टिपून घेत होता. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "ह्यांना भर चौकात फटके द्यायला हवेत." काल जिने माझ्या तोंडावरून हात फिरवला होता ती म्हातारीही तिथेच होती. ती म्हणाली, "सापडलं एकदाचं. मी म्हणतच हुते, देव असं करायचा न्हाई." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिच्याकडे बघवेना.

त्या बाईंचं नाव अहवालात होतं. गावासकट होतं. दाराशी उभं राहून माझा हात धरणाऱ्या बाईंचं.

मी पडद्यामागे शिरले. जयसिंगमामा चकतीला तेल घालत होते, चेहरा फुललेला. "बघितलंस? कालच्यापेक्षा दुप्पट रडली माणसं. चिडली बी. आसं कधी झालं न्हवतं."

"मामा, बंद करा."

"आं?"

"वाक्य तुटतंय. स्फोट मध्येच होतोय. लोकांना वाटतंय त्या दोघांनीच केलं."

मामांनी कपाळावर हात मारला. "थांब, खिळा सरकवतो."

खिळा सरकेना. चकती करणारा माणूस मिरजेला दुसऱ्या मंडळाकडे गेला होता आणि फोन उचलत नव्हता. एक खिळा हलवला की पुढचे सगळे हलवावे लागत होते, आणि मामांनी एक हलवून बघितला तर पृथ्वी उलटी फिरायला लागली. गुरव सर धापा टाकत आले. "वाक्य लहान करू," ते म्हणाले. "मापात बसवू. 'सांगितलं होतं, ऐकलं नाही.' बसतंय." पण स्टुडिओचं शटर ओढलेलं होतं. गौरी जेवल्याशिवाय तो माणूस येणार नव्हता. मधले सगळे खेळ तसेच होणार होते.

पडद्यापलीकडे शिट्ट्या सुरू झाल्या. "ए, लावा की!"

"नुसतं संगीत लावा," मी म्हटलं. "वाक्यच नको."

"आवाज न्हाई तर चकती फिरत न्हाई, पोरी. एकाला एक बांधलंय." मामांच्या हातात दोन कॅसेटी होत्या. कराडात तेव्हाही देखावे कॅसेटवरच चालायचे. "ही नवी. ही जुनी. सांग."

गुरव सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नियतीच लावा," मी म्हटलं.

मी परत वर आले तेव्हा आबा दिव्याखाली उभे होते. बहुधा माझ्या पावलांची वाट बघत.

"त्या दोघांनी केलं?"

"नाही, आबा. त्यांनी सांगितलं होतं, कडी कच्ची आहे, तारीख बदला. वाक्य मध्ये तुटलं."

"मग कुणी बदलली नाही?"

"नाव नाही."

"नाव नाही म्हणजे? कुठंतरी कुणीतरी सही केली असेल ना?"

"'कायम ठेवण्यात आली' एवढंच लिहिलंय."

"ठेवण्यात आली," आबा म्हणाले. त्यांनी ते दोन शब्द परत म्हटले, जिभेवर ठेवून बघितल्यासारखे. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. आयुष्यभर तसंच म्हणालो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण दुकान बंद करताना पोरांना विचारायचोच, कुणाच्या हातची वाढली? काचेला कोण रागावणार? पण हात कुणाचा ते मालकाला माहीत असावं लागतं."

खाली गणपतीचा जयजयकार झाला. खेळ सुरू होत होता.

"माझी टोपी दे," आबा म्हणाले.

"कुठे निघालात?"

"खाली. मी अजून एकदाही समोरून बघितला नाही."

मी त्यांना हाताला धरून जिना उतरवला. फेब्रुवारीपासून ते तो जिना उतरले नव्हते. गर्दीने ओळखलं, वाट झाली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून अगदी पुढे ठेवली, दोरीला लागून. आबा बसले. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली. बाहुलीची मान डावीकडून उजवीकडे आली आणि त्यांच्यावरून गेली. त्यांनी एकदाच नाकाकडे निरखून बघितलं आणि हळूच मान डोलावली. नाक बरोबर होतं.

लेक झाली, तेज झालं, गवसणी झाली. आवाज खाली आला.

"पण... नियतीच्या मनात काही वेगळंच होतं!"

"कुणाच्या?" आबा म्हणाले.

मोठ्याने नाही. पण दुकानात बसून आयुष्यभर गल्लीच्या त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला हाक मारलेला आवाज तो. मागच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेला असेल. मग धडाम झालं, लाल दिवे लागले, धूर सुटला. आबांना ठसका लागला. मी रुमाल पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

जयसिंगमामा दोरीखालून वाकून आले. "आबा, वर चला. धूर बाधंल. इथं नका बसू तुम्ही, मला बघवत न्हाई."

"पुढचा लाव," आबा म्हणाले.

"आबा..."

"लाव, जयसिंगा. मी बसलोय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी रुमाल परत ठेवला. ते पडद्यामागे गेले. नवी माणसं आत आली, जुनी काही गेलीच नाहीत; ती आबांकडे बघत तशीच उभी राहिली. पडदा सरकला.

मी आबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. आमच्या मागे दोघी बायका होत्या, हातात गौरीच्या बाजाराच्या पिशव्या. दोघींनाही आबा कोण ते माहीत नसावं.

"पण... नियतीच्या मनात काही वेगळंच होतं!"

"कुणाच्या?"

धडाम. धूर. बायकांच्या पिशव्या सळसळल्या.

"काय म्हणाले गं ते आजोबा?"

"कुणाच्या, म्हणाले. कुणाच्या मनात."

पहिलीने पिशवी खाली टेकवली. मग म्हणाली, "खरंच की. कुणाच्या?"